पहिला घाणा

पोस्टिंगचा हुकूम आला तेव्हा मी दिवाळीच्या रजेवर अंबरनाथला घरी होतो. एकोणनव्वद साल सरत आलं होतं. वडील फॅक्टरीत चार्जमन होते आणि आम्ही पश्चिमेला स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहत होतो. रजा अर्धवट सोडून पलटणीत हजर व्हायचं होतं. पलटण उत्तरेला, हाय अल्टिट्यूडला जाणार होती. तारेत याहून जास्त काही नव्हतं.

माझ्याबरोबर नाईक बाळाराम निघणार होता. तो बदलापूरचा, बेलवलीचा. घरची भातशेती, थोडी भाजी. आम्ही दोघे एकाच भरतीत घेतले गेलो आणि नाईकही पाठोपाठच झालो. निघण्याच्या दिवशी मी त्याला घ्यायला बेलवलीला गेलो तेव्हा त्याची आई चुलीपाशी बसून चकल्या तळत होती. दिवाळी होऊन गेली होती. या चकल्या मुलाच्या वाटेसाठी होत्या.

पहिला घाणा निघाला तो तिने एका ताटलीत काढला, वर दुसरी ताटली झाकली आणि मागे सरकवून ठेवला. मी सहज हात पुढे केला होता. ती म्हणाली, "थांब. तो भायेरच्याचा हाय."

बाळारामने मला समजावून सांगितलं. त्यांच्या घरी तळणाचा पहिला घाणा घरात नसलेल्या माणसाचा असतो. त्या दिवशी त्याचा मोठा भाऊ कामावर गेला होता, म्हणून तो भावाचा. भाऊ संध्याकाळी येईल, तोवर ताटली कुणी उघडायची नाही. बाळाराम पलटणीत असला की तो घाणा बाळारामचा. कुणी ओळखीचं तिकडे जाणारं भेटलं तर आई त्याच्या हाती पाठवते, नाही भेटलं तर गाईला घालते.

दुसरी गोष्ट मला तिथेच कळली. डबा लहान होता, म्हणून मी विचारलं की एकूण किती चकल्या होतील. मला मोजायची सवय आहे. वडिलांकडून आली आणि पुढे स्टोअरच्या कामात वाढली. बाळारामच्या आईने झाऱ्या तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"मोजू नको रं बाबा. तळन मोजलं का सरतं."

निघताना तिने बाळारामच्या खिशात ओव्याची एक पुरचुंडी घातली. पोट धरलं तर चावायला. चकल्या आम्ही ट्रान्झिट कॅम्पपर्यंतसुद्धा पुरवू शकलो नाही. ओवा मात्र तसाच राहिला.

आमच्या पोस्टवर सहा माणसं होती. कमांडर सुभेदारसाहेब, साताऱ्याकडचे. मी, बाळाराम, रेडिओ ऑपरेटर मनोहर, आणि दोन जवान. हा मनोहर उल्हासनगरचा. आजूबाजूला सगळी सिंधी वस्ती, त्यामुळे त्याची मराठी अर्धी बाजारातली होती. रेशनचा हिशेब माझ्याकडे आहे हे कळल्यावर त्याने पहिल्याच दिवशी मला 'मुनीम' म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्या पोस्टने ते उचललं. सुभेदारसाहेबांनीसुद्धा.

पोस्टची उंची सतरा हजार फुटांच्या वर. राहायला एक फायबर हट, आत उबेसाठी एक बुखारी आणि स्वयंपाकाला एक स्टोव्ह, दोन्ही केरोसीनवर चालणारे. पुढे, उताराच्या कडेला, सेंट्रीसाठी खणलेला मोर्चा. तीन बाजूंना वाळूच्या पिशव्या, वर पत्रा, त्यावर बर्फ. मोर्चा हाकेच्या अंतरावर होता, पण वारा असला की हाक पोचत नसे. हटपासून मोर्च्यापर्यंत एक जाड दोर कायम बांधलेला होता. जाणाऱ्याने आपल्या कमरेच्या दोरीचा हूक त्या दोरात अडकवायचा आणि मगच निघायचं. हूक न अडकवता हटच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. शौचाला जायचं तरी हाच नियम. मोर्च्यात एक टेलिफोन होता. त्याची वायर बर्फाखाली वरचेवर तुटे. तुटली तर कुणी घाबरत नसे, पुढच्या बदलीच्या वेळी जोडत.

डिसेंबर अखेरीला खालची वाट बंद झाली. त्यानंतर हेलिकॉप्टर येईल तेवढाच जगाशी संबंध, आणि हेलिकॉप्टर हवा उघडली तरच येणार. हवा उघडेना. आम्हाला कुठे जाता येत नव्हतं आणि आमच्याकडे कुणाला येता येत नव्हतं. सहा माणसं, हट, दोर, मोर्चा. सकाळी बर्फ खोदून दार मोकळं करायचं, बर्फ वितळवून पाणी करायचं, दोर बर्फातून उपसून वर काढायचा, ड्युटी करायची. दुसऱ्या सकाळी दार पुन्हा बुजलेलं. छताला डोकं लागे म्हणून हटमध्ये आम्ही वाकून चालायचो. पुढे घरी आल्यावरही मी काही दिवस दारातून जाताना वाकत होतो, असं आई सांगते.

आता खाण्याबद्दल सांगतो, कारण फौजेबाहेरच्यांना हे खरं वाटत नाही. रेशन भरपूर होतं. मीच मोजत होतो. पण ते बहुतेक गोड होतं. थंडीत शरीराला ताकद लागते म्हणून सरकार चॉकलेट, डब्यातलं गोड दूध, डब्यातला अननस, जॅम, बेदाणे, काजू पाठवतं. पहिला आठवडा माणसं हावरटासारखी खातात. मग त्या उंचीवर भूक मरते आणि गोडाचा वास आला तरी मळमळतं. अननसाच्या डब्यांची आम्ही पायरी केली होती.

डाळभात कुकरशिवाय होत नसे. तिथे पाणी ऐंशीच्या थोडं वरच्या अंशालाच उकळतं. पाणी खळखळत असतं आणि डाळ कच्ची. आमच्या कुकरची रबरी रिंग थंडीने चिरली होती, नवी मागवली होती, ती हेलिकॉप्टरबरोबर खाली अडकली होती. तेव्हा जेवण म्हणजे अर्धकच्चा भात, डब्यातली भाजी आणि चपाती.

या सगळ्यातून एकच विषय निघे: तिखट-मिठाचं. कुणाला घरची आठवण आली असं कुणी बोलत नसे. बोलायचे ते फोडणीच्या पोह्यांबद्दल, चिवड्यातल्या तळलेल्या खोबऱ्याबद्दल. मी शिवमंदिराजवळच्या एका भजीवाल्याचं वर्णन करायचो. मनोहर पापडाबद्दल सांगायचा. उल्हासनगरात पाहुण्याला आधी पाणी आणि पापड देतात, आणि पापड मोडतानाचा आवाज पाहुण्याला ऐकू गेला पाहिजे. तो आवाज तोंडाने काढून दाखवायचा. सुभेदारसाहेब एकदा म्हणाले, "ऑपरेटर, ह्यो आवाज पुन्हा काढलास तर तुला सेंट्रीवर डबल ड्युटी." सगळे हसले. थोड्या वेळाने साहेबांनीच विचारलं, "उडदाचा का मुगाचा?"

जानेवारीच्या मध्यावर मनोहरने खाणं सोडलं.

आधी तो भूक नाही म्हणत होता. मग दूध उलटलं, मग चॉकलेट, मग भातही. तो पाणीसुद्धा बळेच पीत होता. रेडिओ सेटपाशी बसून बोलायचा तेव्हा आवाज ठीक असे, सेट बंद केला की आडवा व्हायचा. हातमोजा काढला की बोटं हडकुळी दिसू लागली होती. त्या उंचीवर खाणं सोडलेला माणूस किती काळ टिकतो, ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं होतं. 

सुभेदारसाहेबांनी त्याच्यासमोरच बेसच्या डॉक्टरला विचारलं. मनोहरलाच मेसेज पाठवायचा होता. त्याने स्वतःची लक्षणं दुसऱ्या कुणाची असावीत तशी सांगितली.

"कंट्रोल, पेशंट काही पोटात ठेवत नाही. इव्हॅक्युएशन पाहिजे. ओव्हर."

उत्तर आलं, "हवा बंद आहे. हेलिकॉप्टर नाही. पेशंटला खाऊ घाला. जे पोटात राहील ते. ओव्हर."

मनोहरने हेडफोन काढला आणि म्हणाला, "साहेब, डॉक्टर बोलतो जे राहील ते. पेशंट बोलतो दाल-पकवान पाहिजे." मग त्याने डोळे मिटले. दाल-पकवान म्हणजे डाळ आणि सिंध्यांची कडक तळलेली पुरी.

सुभेदारसाहेब आम्हा दोघांकडे वळले. "हेलिकॉप्टर येईतो हा पोरगा जगला पाहिजे. काय करायचं ते तुम्ही दोघं बघा."

बाळारामने मला कोपऱ्यात नेऊन विचारलं, वनस्पती तूप किती आहे. मी सांगितलं. कणीक? पुरेशी. मीठ? भरपूर. मग तो म्हणाला, "मुनीम, पानी हितं नीट उकळत नाय. तेलाला काय झालंय?"

मी यावर विचार केला. तेलाला काहीच झालं नव्हतं. पाणी लवकर उकळतं ते हवेचा दाब कमी म्हणून, तेल मात्र तापवावं तेवढं तापतं. म्हणजे शिजवणं तिथे जमत नव्हतं, पण तळण अगदी घरासारखं होणार होतं. सतरा हजार फुटांवर बेलवलीच्या चुलीइतकंच चांगलं होईल असं स्वयंपाकघरातलं ते एकच काम होतं, आणि आम्ही महिनाभर ते केलं नव्हतं. कारण केरोसीन वाचवायचं होतं. तो माझाच हिशेब होता. मी साहेबांना आकडे सांगितले: दिवसाआड एक तळण केलं तर बुखारी रोज एक तास कमी जाळावी लागेल. साहेब म्हणाले, "जाळू कमी. कांबळं हायेत."

तूप दगडासारखं होतं, ते आइस ॲक्सने फोडलं. चार वाट्या कणकेला अर्धी वाटी गरम तूप, मीठ, लाल तिखट. मग बाळारामने खिशातून आईची पुरचुंडी काढली आणि ओवा तळहातावर चोळून घातला. हटमध्ये एकदम वास पसरला. झोपलेला एक जवान उठून बसला.

लाटणं म्हणजे रमची रिकामी बाटली, पोळपाट म्हणजे रेशनच्या पेटीचं झाकण. बाळारामने एक पोळी लाटून तशीच तुपात सोडली. ती टम्म फुगली.

कोपऱ्यातून मनोहरचा आवाज आला. "काय करतो रे? पुरी झाली ती."

"मंग काय करू?"

"गोद तिला. काट्याने गोद. वडी साईं, पकवान गोदतात. फुगलेली चीज कुरकुरीत राहत नाय."

बाळाराम जेवणाचा काटा घेऊन दुसरी पोळी टोचू लागला. मनोहर कोपरावर उठला. असं नाही, जवळजवळ टोच. कडेपर्यंत टोच. आच कमी कर. घाई केलीस तर बाहेरून लाल आणि आतून चामडं. बाळाराम मुद्दाम चुकत होता असा मला नंतर संशय आला, कारण इतका बावळट तो नव्हता. मनोहर शेवटी सरपटत स्टोव्हपाशी आला आणि काटा त्याच्या हातून घेतला.

कडक, भोकाभोकांच्या, तळहाताएवढ्या पोळ्या तयार झाल्या. बाळाराम त्यांना खारी शंकरपाळी म्हणत होता, मनोहर पकवान. पहिला घाणा बाळारामने दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात भरला, झाकण लावलं, डबा कोटाच्या आत घातला आणि बूट चढवू लागला.

"कुठे?" मी विचारलं.

"भायेरच्याला." सेंट्रीवर एक जवान होता. बाळारामने हूक दोरात अडकवला आणि वाऱ्यात गेला. तो परत येईपर्यंत स्टोव्हपाशी कुणी तोंडात काही टाकलं नाही. साहेबही थांबले.

मग मनोहरने एक तुकडा मोडला. आवाज झाला. त्याने तो बराच वेळ चघळला आणि गिळला. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. तो पोटात राहिला. मग त्याने दुसरा घेतला. किती खाल्लं हे मला डॉक्टरला सांगायचं होतं, म्हणून मी ताटात उरलेले मोजायला लागलो. बाळारामने माझ्यासमोरून ताट उचललं.

"मुनीम, हे सोडून समदं मोज."

त्या दिवसापासून दिवसाआड तळण होऊ लागलं. तिखट-मिठावर तहान लागे, म्हणून मनोहर पाणी पिऊ लागला. पाण्याबरोबर भातही गेला. तो उठून दार खोदू लागला. बोलणं तर कधीच सुरू झालं होतं. आणि प्रत्येक वेळी पहिला घाणा मोर्च्यात जाई. बाळारामची स्वतःची ड्युटी असली तरच तो मी नेत असे. हवा कशीही असो. साहेब एकदा म्हणाले की बदलीच्या वेळी दिला तरी चालेल. बाळाराम म्हणाला, "साहेब, मंग तो पयला राहत नाय." साहेबांनी पुन्हा विषय काढला नाही. दिवसभर काय खायला मिळणार, कधी मिळणार, यापेक्षा दुसरं काही नसलेल्या ठिकाणी मोर्च्यात बसून त्या डब्याची वाट बघणं ही मोठी गोष्ट होती. मी ती वाट बघितलेली आहे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन दिवस वादळ चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोर्च्यात होतो. मला येऊन थोडाच वेळ झाला होता, बदलीला दोन तास होते. समोर काही दिसत नव्हतं. वरच्या उतारावरून एक आवाज आला, पोती घसरल्यासारखा. मी मान वळवेपर्यंत अंधार झाला.

मोर्च्याचा पत्रा खाली वाकला, पण तुटला नाही. तोंड बर्फाने गच्च भरलं. मी गुडघे छातीशी घेऊन बसलेलो होतो आणि तसाच राहिलो. हात हलत होते, पाय नाही. टेलिफोन उचलला. मेलेला. मी आधी ओरडलो, मग थांबलो, कारण हवा किती आहे याचा अंदाज घ्यायचा होता. लांबी, रुंदी, उंची मला ठाऊक होती. हिशेब मनात केला. उत्तर दोन तासांच्या बरंच आत येत होतं. हटमध्ये कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. फोन बंद म्हणजे वायर तुटली, एवढंच ते समजणार. मी पुन्हा हिशेब केला. उत्तर तेच आलं.

मग मला आठवलं की आज तळणाचा दिवस आहे.

पुढचा वेळ मी मोजला नाही. बर्फावर काहीतरी टोचल्याचा आवाज आला. आइस ॲक्स. मी पत्र्यावर मूठ मारली. आवाज थांबला, मग जोरात सुरू झाला. बाळाराम डबा घेऊन निघाला होता आणि अर्ध्या वाटेत असताना त्याला उतार घसरल्याचा आवाज आला असणार. घसरलेल्या बर्फाने दोराचं मोर्च्याकडचं टोक गाडलं होतं; मोर्चा कुठे, हे दुसऱ्या कुणाला ओळखता आलं नसतं. तो ती वाट ड्युटीशिवायही दिवसाआड करत होता.

बर्फातून आधी कुऱ्हाडीचं टोक आलं, मग उजेड, मग हवा. भोक हाताएवढं झालं.

"मुनीम. हायस का?"

"आहे."

"लागलं काय?"

"पाय अडकलेत. तू हूकवर आहेस ना?"

 तो खोदत राहिला. मी पुन्हा विचारलं.

"दोरी पुरत नाय," तो म्हणाला. "तुझा मोर्चा लय लांब नेऊन ठेवलाय."

मी त्याला मागे जायला सांगितलं. हटमधून माणसं आण, दोरी जोडून आण. तो म्हणाला, जाऊन येईतो भोक पुन्हा बुजेल. वारा तसाच होता, हे खरं होतं. मग भोकातून हातमोजा आत आला आणि त्यात डबा.

"हे धर. मी भोक मोठं करतो, तवर खा. गरम हाय."

मी डबा घेतला. तो गरम होता.

"आनि मोजू नको," तो म्हणाला.

दोन-तीन घाव पडले. मग तोच पोती घसरल्याचा आवाज आला, यावेळी बाजूने, लांब चाललेला. भोकातला उजेड एकदा गेला आणि परत आला. मी हाक मारली. मी बराच वेळ हाक मारत होतो. भोक उघडं होतं. हवा येत होती.

बाळाराम परतला नाही म्हणून सुभेदारसाहेब स्वतः दोरावरून निघाले. त्यांच्याबरोबर मनोहर होता. दोन आठवड्यांपूर्वी ज्याला धड बसवत नव्हतं, तो साहेबांच्याही पुढे होता. त्यांना दोर सापडला, दोराला अडकवलेला बाळारामचा हूक सापडला. हुकाची कडी उघडलेली नव्हती, मोडलेली नव्हती. दोरीची कमरेकडची गाठ सोडलेली होती. ती गाठ हातमोजे काढून सोडावी लागते. तिथून पुढे मनोहरने दोन दोऱ्या जोडल्या आणि भोकापर्यंत आला. मला बाहेर काढायला दोघांना अंधार पडेपर्यंत खोदावं लागलं. बाहेर निघाल्यावर मी उताराकडे पाहिलं. तो गुळगुळीत होता.

हटमध्ये आल्यावर मनोहर सेटवर बसला.

"कंट्रोल. वन मॅन मिसिंग. नाईक बाळाराम. स्नो स्लाइड. ओव्हर."

"रिपीट युवर मेसेज. ओव्हर."

त्याने पुन्हा सांगितलं. कढई स्टोव्हवर तशीच होती, तूप पांढरं होऊन गोठलेलं. दुसरा घाणा कुणी केला नव्हता.

हवा उघडल्यावर सर्च पार्टी आली. सहा दिवस शोधलं. तो मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात पुन्हा शोधलं, पुढच्या पलटणीनेही शोधलं. मिळाला नाही.

मला एप्रिलमध्ये रजा मिळाली. कागदपत्रं, पैसे, ट्रंक हे सगळं रीतसर आधीच पोचलं होतं. मी बेलवलीला गेलो तो फक्त डबा घेऊन. तो मी संपवला नव्हता. मोर्च्यात मी त्यातलं थोडं खाल्लं होतं, त्याने सांगितलं म्हणून. उरलेलं थंडीत टिकलं.

त्याची आई पडवीत बसली होती. मोठा भाऊ जवळ उभा होता. काय झालं ते मी सांगितलं, जसं इथे सांगितलं तसंच. दोरीचंही सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"घाना पोचला व्हता तुला?"

"पोचला," मी म्हणालो. "गरम होता."

तिने डबा उघडला. एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसली. मी भावाकडे पाहिलं. तो अंगणाकडे बघत होता.

"ववा माझा हाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मीठ जास्त टाकलं. लहानपनापासनं सांगते."

मग तिने झाकण लावलं आणि डबा देवळीत ठेवला.

मनोहरने नोकरी पुरी केली. आता उल्हासनगरला त्याची पापड-पकवानची गाडी आहे, हाताखाली दोन माणसं आहेत. आजूबाजूचे सिंधी दुकानदार त्याला 'फौजी साईं' म्हणतात. पहिला घाणा तो विकत नाही. नवीन गिऱ्हाईक घाई करतं, तेव्हा तो सांगतो की थांबा, हा दुसऱ्याचा आहे. दुसरा कोण, ते सांगत नाही.

मी अंबरनाथलाच असतो. महिन्यातून एकदा, रविवारी, घरी खारी शंकरपाळी मीच करतो. चार वाट्या कणकेला अर्धी वाटी मोहन, ओवा, तिखट, मीठ बेताने. काट्याने कडेपर्यंत टोचायची, आच मंद. कुणालाही जमेल. माझी बायको म्हणते, हा माणूस दुधाच्या पिशव्या मोजतो, लाइटचं मीटर रोज बघतो, गॅस कोणत्या दिवशी लावला ते भिंतीवर लिहितो. ते खरं आहे. तळण मी मोजत नाही.

पहिला घाणा ताटलीत काढून वर दुसरी ताटली झाकतो. मुलगी लहान असताना विचारायची, घरात तर सगळे आहेत, मग हा कुणाचा? मी तिला सांगितलं, नाईक बाळाराम, राहणार बेलवली. तो अजून बाहेर आहे.